खाते थांबवायचे की मिटवायचे?

समाजमाध्यमावरचे खाते काही दिवस थांबवावे की कायमचे मिटवून टाकावे, हा प्रश्न निघाला की दोन उत्तरे तयार असतात. व्यवहारी माणूस म्हणतो, तात्पुरते बंद ठेवा. दोर कशाला कापायचे, उद्या गरज पडली तर परतता येईल. निश्चयी माणूस म्हणतो, सोडायचे तर कायमचे सोडा, नाहीतर हे सगळे नाटक आहे. पहिल्याला दुसरा टोकाचा वाटतो, दुसऱ्याला पहिला कच्चा वाटतो. पण एका बाबतीत दोघांचे एकमत असते: थांबवणे ही खालची पायरी, मिटवणे ही वरची, आणि मध्ये फरक काय तो धैर्याचा.

हे एकमतच उथळ आहे. थांबवणे आणि मिटवणे ही दोन वेगळ्या तक्रारींवरची दोन वेगळी उत्तरे आहेत. तक्रार स्वतःच्या सवयीविषयी असेल तर थांबवणे पुरते आणि मिटवणे बहुधा वाया जाते. तक्रार कंपनीशी झालेल्या सौद्याविषयी असेल तर मिटवणेच हवे. थांबवून काहीही साधत नाही. आणि दोन्हींच्या आधी तिसरा प्रश्न विचारावा लागतो: या खात्यावर माझ्याखेरीज कोणाकोणाचे काय अडकले आहे? मोसंबीच्या भावापासून शाळेच्या सूचनेपर्यंत सारे मोबाइलच्या ग्रुपवरून फिरते, अशा जालना जिल्ह्यात हा तिसरा प्रश्न पहिल्या दोहोंपेक्षा मोठा आहे.

1. बटण दाबल्यावर नेमके काय होते

आधी वस्तुस्थिती पाहू, कारण निम्मे गैरसमज तिथेच आहेत.

फेसबुकवर ‘डिॲक्टिव्हेट’ केले की आपले पान इतरांना दिसेनासे होते. फोटो, मित्रयादी, जुन्या पोस्टी, आपण कशावर किती वेळ थांबलो याची नोंद, सगळे कंपनीकडे जसेच्या तसे राहते. मेसेंजर हवे तर चालूही ठेवता येते. ‘डिलीट’ केले तरी 30 दिवस निर्णय फिरवता येतो. त्यानंतर साठवलेली माहिती पुसायला एकूण 90 दिवसांपर्यंत वेळ लागू शकतो, असे कंपनीच सांगते. इन्स्टाग्रामचा हिशोब साधारण हाच. ‘एक्स’वर वेगळा विराम नाही: खाते बंद केले की मुदत सुरू होते आणि त्या मुदतीत, साधारणपणे 30 दिवसांत, परत आत शिरला नाहीत तर खाते जाते. म्हणजे तिथे थांबवणे हीच मिटवण्याची पहिली पायरी.

व्हॉट्सॲपवर उलटे आहे. फोन हरवल्यावरची सोय सोडली तर तिथे विरामाचे बटणच नाही. लोक ॲप काढून टाकतात आणि आपण थांबलो असे समजतात. प्रत्यक्षात खाते जिवंत असते, समोरच्याला नाव आणि फोटो दिसत राहतो, आणि त्याच्या निरोपाला एकच बरोबरची खूण येते. न पोहोचलेले निरोप कंपनीच्या सर्व्हरवर 30 दिवस थांबतात, मग पुसले जातात. चाळीस दिवसांनी ॲप परत घेणाऱ्याला पहिल्या दहा दिवसांतले निरोप कधीच मिळत नाहीत, आणि पाठवणारा मात्र ‘कळवले होते’ म्हणून निश्चिंत असतो. 120 दिवस वापर नसेल तर सहसा खातेच पुसले जाते.

कायद्याची बाजूही ‘कायमचे’ या कल्पनेला अनुकूल नाही. 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार वापरकर्त्याने नोंदणी रद्द केल्यानंतरही कंपनीला त्याची नोंदणीची माहिती 180 दिवस जपावी लागते. शिवाय आपण दुसऱ्याला पाठवलेला निरोप दुसऱ्याच्या फोनमध्ये आणि काढलेला स्क्रीनशॉट काढणाऱ्याकडे राहतोच. तेव्हा थांबवणे म्हणजे पूर्ण थांबणे नाही, मिटवणे म्हणजे पूर्ण मिटणे नाही, एवढे मान्य करूनच पुढे जायला हवे.

2. सवयीची तक्रार: तिला विराम का पुरतो

बहुतेकांची तक्रार अशी असते: वेळ जातो, झोप मोडते, चिडचिड होते, ज्याचा त्याचा सुखी फोटो पाहून आपले बरे चाललेलेही वाईट वाटू लागते. ही तक्रार खरी आहे. पण तिचे मूळ हातात आहे, खात्यात नाही. खाते मिटवणारा दुसऱ्या ॲपवर त्याच हाताने सरकवत बसतो. फेसबुक कायमचे सोडून रात्री एकपर्यंत यूट्यूबवर शॉर्ट्स पाहणारी माणसे आपल्या भोवती थोडी नाहीत. आजार म्हशीला आणि औषध पखालीला, असा हा प्रकार.

अशा तक्रारीवर ठरावीक मुदतीचा विराम काय करतो, याचा नीट अभ्यास झाला आहे. अमेरिकेत 2018 च्या मध्यावधी निवडणुकीच्या सुमारास स्टॅनफर्ड आणि न्यूयॉर्क विद्यापीठाच्या अर्थतज्ज्ञांनी काही लोकांना पैसे देऊन 4 आठवडे फेसबुक खाते थांबवायला लावले. निष्कर्ष 2020 मध्ये प्रसिद्ध झाले. दिवसाचा सरासरी तासभर मोकळा झाला, समाधान थोडे वाढले, राजकीय मतांमधली टोकाची दरी कमी झाली. बातम्यांची माहितीही कमी झाली. सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे प्रयोग संपल्यावर, परतण्याची पूर्ण मोकळीक असताना, या लोकांचा वापर आधीपेक्षा कमीच राहिला. खाते मिटवावे लागले नाही. फरक पडला तो मुदतीने, आणि मुदत मोडली तर काहीतरी गमवावे लागणार होते त्याने.

महाराष्ट्रात हेच तत्त्व एका गावाने प्रयोगशाळेविना राबवले. सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव इथे ऑगस्ट 2022 पासून संध्याकाळी 7 ला मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बाजूला ठेवले जातात. या गावाने कोणाचे खाते मिटवले नाही. वेळ ठरवली, ती सगळ्यांना ऐकू येईल अशी जाहीर केली आणि पाळणे सामुदायिक केले. एकट्याने मनातल्या मनात केलेला निश्चय आणि भोंग्याने सांगितलेला निश्चय यांत जे अंतर आहे, तेच फसलेल्या आणि टिकलेल्या विरामातही असते.

3. मुदत नसलेला विराम हा विराम नव्हे

यातून विरामाची पहिली अट निघते: शेवटची तारीख आधी ठरलेली हवी. इथे जालन्याला एक वेगळाच अनुभव गाठीशी आहे.

29 ऑगस्ट 2023 ला अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणासाठी मनोज जरांगे यांचे उपोषण सुरू झाले, 1 सप्टेंबरला तिथे लाठीमार झाला आणि जिल्हा देशाच्या बातम्यांत आला. पुढे 26 फेब्रुवारी 2024 ला अंबड तालुक्यात संचारबंदी लागली आणि जालना, छत्रपती संभाजीनगर व बीड या जिल्ह्यांत शासनाने इंटरनेट काही तास बंद ठेवले. म्हणजे अख्ख्या जिल्ह्याचे खाते कोणीतरी बाहेरून थांबवले होते.

असा शासकीय विराम केव्हा वैध, याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने 10 जानेवारी 2020 रोजी अनुराधा भसीन खटल्यात स्पष्ट सांगितले आहे: इंटरनेट अनिश्चित काळासाठी बंद ठेवता येणार नाही, आदेश प्रसिद्ध करावा लागेल, कारण द्यावे लागेल आणि बंदीचा फेरविचार होत राहिला पाहिजे. त्याच वर्षी नियमांत दुरुस्ती होऊन एका आदेशाची कमाल मुदत 15 दिवस झाली.

सरकारला लावलेल्या या कसोट्या माणसाने स्वतःलाही लावाव्यात. मुदत ठरलेली, कारण लिहिलेले, संबंधितांना कळवलेले, आणि मुदतीअखेर फेरविचार. ‘बघू, वाटले तर येईन’ म्हणून थांबवलेले खाते चौथ्या दिवशी उघडते किंवा वर्षानुवर्षे भिजत घोंगडे होऊन पडते. दोन्ही वेळा निर्णय आपण घेतलेलाच नसतो.

4. सौद्याची तक्रार: तिथे विराम म्हणजे फसवणूक

दुसरी तक्रार वेगळ्या जातीची आहे. ‘माझी माहिती विकून ही कंपनी कमावते, मला ते मान्य नाही’. ‘माझा फोटो वापरून कोणी खोटे खाते काढते आणि दाद लागत नाही’. ‘पंधराव्या वर्षी लिहिलेले तिसाव्या वर्षी माझ्यासमोर नको’. इथे प्रश्न किती वेळ वापरतो हा नाही, कोणत्या अटींवर वापरतो हा आहे. खाते थांबवल्याने त्या अटींतले एक कलमही बदलत नाही. थांबवलेल्या खात्यातही माहिती साठलेलीच असते. उलट परतल्यावर सगळे जागच्या जागी मिळावे म्हणून ती जपली जाते. अशा माणसाने विराम घेणे म्हणजे भांडण मिटल्यासारखे दाखवून करार पुढे चालू ठेवणे.

ही गोष्ट मराठवाड्याला जमिनीच्या भाषेत चटकन कळेल. शेत एक वर्ष पडीक ठेवले म्हणजे सातबाऱ्यावरचे नाव जात नाही; पुढच्या मृगाला नांगर घालता येतो. खाते थांबवणाऱ्याला आपण तेच करतो आहोत असे वाटते. पण समाजमाध्यमाच्या शेतात सातबारा कंपनीच्या नावावर असतो आणि आपण कूळ असतो; तेही संरक्षण नसलेले. 29 जून 2020 ला केंद्र सरकारने टिकटॉकसह 59 ॲप्सवर बंदी घातली तेव्हा खेड्यापाड्यांतल्या कितीतरी कलाकारांची दोन-तीन वर्षांची कमाई, चाहते आणि चित्रफिती एका रात्रीत हाताबाहेर गेल्या. त्यांना ना विराम मिळाला ना निरोप. ऑर्कुट 30 सप्टेंबर 2014 ला बंद झाले तेव्हा निदान सूचना मिळाली होती.

या तुलनेतला एक धागा अधिक महत्त्वाचा आहे. निजामी राजवट गेल्यावर या भागाला लागू झालेल्या 1950 च्या हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन कायद्याने कुळाला संरक्षण दिले. कुळाने स्वतःहून हक्क सोडायचा म्हटला तरी तो लेखी हवा आणि तहसीलदारासमोर कबूल केलेला हवा, अशी अट घातली. कायदा करणाऱ्यांनी ओळखले होते की ‘मी स्वखुशीने सोडतो’ या वाक्यामागे पुष्कळदा कोणाची तरी काठी असते.

5. सोडणारा खरोखर स्वखुशीने सोडतो का?

खाते मिटवण्याच्या धाडसाचे गोडवे गाणारे ही काठी पाहत नाहीत.

नोव्हेंबर 2012 मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली, त्यावर पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर प्रश्न विचारणारी पोस्ट लिहिली. तिला आणि ती पोस्ट ‘लाइक’ करणाऱ्या तिच्या मैत्रिणीला अटक झाली, नातेवाइकाच्या दवाखान्याची मोडतोड झाली. तिने माफी मागितली, फेसबुकवरून ती बाहेरही पडली. त्या प्रकरणानंतर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66-अ ला आव्हान दिले गेले आणि 24 मार्च 2015 ला सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केले. कायदा चुकीचा होता हे ठरायला सव्वादोन वर्षे लागली. त्या मुलीचे फेसबुक सोडणे हा ‘डिजिटल वैराग्याचा’ निर्णय होता असे कोण म्हणेल?

आपल्याकडे लग्न ठरलेल्या मुलीला ‘आता ते इन्स्टा-बिन्स्टा बंद कर’ असे सांगितले जाते, तेव्हा तिच्यापुढे ‘थांबवू की मिटवू’ हा पर्याय नसतोच. घरच्यांसमोर बसून मिटवावे लागते. अशा वेळी तात्पुरते थांबवण्याचे बटण हाच तिचा आधार ठरतो: बाहेरून खाते गेल्यासारखे दिसते, आतून तिचे फोटो, संपर्क आणि नाव शाबूत राहते. मी वर सौद्याच्या तक्रारीत विरामाला फसवणूक म्हटले. इथे तोच विराम संरक्षण आहे. एकच बटण एका माणसाच्या हाती पळवाट असते आणि दुसऱ्याच्या हाती हक्क राखून ठेवण्याचे साधन, कारण दोघांची तक्रार वेगळी आणि दोघांवरचा दाब वेगळा.

म्हणून कायमच्या निर्णयाआधी स्वतःलाच तहसीलदाराचा प्रश्न विचारावा: हे मी कोणाच्या सांगण्यावरून करतो आहे? राग, लाज किंवा दबाव यांच्यापैकी काही उत्तरात आले, तर मिटवू नये, थांबवावे.

6. खाते एकट्याचे नसते

शहरी लेखांत खाते म्हणजे एका व्यक्तीची खासगी वस्तू असे गृहीत धरलेले असते. जालन्यात तसे नसते. सकाळी बाजार समितीत मोसंबीचा लिलाव झाला की आडत्याच्या ग्रुपवर भाव येतो आणि अंबड-घनसावंगीकडचा बागायतदार त्यावर आजची तोड ठरवतो. फळगळ दिसली की झाडाखालच्या फळांचा आणि पिवळ्या पानांचा फोटो कृषी सेवा केंद्रवाल्याला किंवा खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रातल्या तज्ज्ञाला जातो. बियाण्यांच्या कंपन्यांमुळे नावारूपाला आलेल्या या जिल्ह्यात बीजोत्पादन करणाऱ्या शेतकऱ्याला सूचना फोनवरच येतात. वडिलांच्या नावाचे सिम, मुलाच्या हातातला फोन, आईच्या बचत गटाचा ग्रुप आणि धाकटीच्या शाळेचा अभ्यास, सगळे एकाच नंबरावर असते.

अशा घरात पोराने ‘मन:शांतीसाठी’ व्हॉट्सॲप खाते मिटवले तर त्याच्याबरोबर आई बचत गटाच्या ग्रुपबाहेर जाते, कारण मिटवलेले खाते सगळ्या ग्रुपमधून निघते. गावच्या यात्रा समितीचे फेसबुक पान एकट्याच्याच ताब्यात असेल तर त्याने स्वतःचे खाते थांबवताच पानही दिसेनासे होते, आणि मिटवले तर तेही जाते. ‘फेसबुकने लॉग-इन करा’ म्हणत उघडलेली नोकरीची आणि अभ्यासाची ॲप्स त्याच किल्लीवर चालत असतात. ही हानी करणाऱ्याची नसते, भोवतालच्यांची असते, आणि त्यांना विचारलेलेही नसते.

शिवाय एक तिसरी अवस्था आहे, जिच्याबद्दल कोणी बोलत नाही आणि जी सर्वांत घातक आहे: खाते ना थांबवलेले ना मिटवलेले, नुसते सोडून दिलेले. पासवर्ड विसरला, नवे खाते काढले. रिचार्ज परवडले नाही, सिम बंद पडले. आपल्याकडे बंद झालेला मोबाइल क्रमांक किमान 90 दिवसांनी दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. जुना नंबर ज्या खात्यांना जोडलेला राहिला, त्यांचा ओटीपी मग परक्याच्या फोनवर वाजतो. ‘थांबवू की मिटवू’ यावर तासभर वाद घालणाऱ्या कितीतरी लोकांची अशी एक-दोन बेवारस खाती कुठेतरी पडलेली असतात. विराम आणि विच्छेद यांतला कोणताही पर्याय या आळसापेक्षा बरा.

7. आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप: समजूतदार माणसे निघून गेली की मैदान भडकवणाऱ्यांना मोकळे होते. हा सर्वांत वजनदार आक्षेप आहे आणि जालन्याला तो अनुभवाने माहीत आहे. अंतरवाली सराटीपासून जवळच असलेल्या वडीगोद्रीत जून 2024 मध्ये ओबीसी आरक्षणाच्या बाजूने उपोषण झाले. एकाच तालुक्यात दोन मंडप, आणि त्या काळात गावोगावच्या ग्रुपांत मराठा-ओबीसी अशी फाळणी झाली. वर्षानुवर्षे एका बाकावर बसलेले मित्र ‘लेफ्ट’ झाले. शिक्षक, पत्रकार, डॉक्टर, सरपंच यांनी अशा वेळी खाते मिटवले, तर अफवेला ‘हे खोटे आहे’ म्हणणारा उरत नाही. म्हणून ज्यांच्या शब्दाला गावात वजन आहे त्यांना कायमच्या निर्णयाची मोकळीक थोडी कमी आहे, हे मी मान्य करतो. पण त्यांनी अहोरात्र तिथेच बसावे असे यातून निघत नाही. अमेरिकेच्या प्रयोगात विरामाने मतांमधली दरी कमी झाली होती, हे विसरू नये. तापलेल्या माणसाने चार दिवस थांबून थंड डोक्याने परतणे हे पळून जाणे नव्हे.

दुसरा आक्षेप: विराम हा निव्वळ देखावा होतो. काही वेळा होतो. 2 मार्च 2020 ला पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी समाजमाध्यमे सोडण्याचा विचार करत असल्याचे लिहिले आणि देशभर चर्चा उसळली. दुसऱ्याच दिवशी कळले की 8 मार्चच्या महिला दिनानिमित्त खाती एका दिवसासाठी काही स्त्रियांच्या हाती द्यायची होती. त्यांत बंजारा हस्तकलेसाठी काम करणाऱ्या बीडच्या विजया पवारही होत्या. त्या निमित्ताने त्यांचे काम देशाला दिसले हे चांगलेच. पण ‘जातो’ या शब्दाला ‘आलो’पेक्षा जास्त गर्दी जमते हे त्यातून दिसले. त्यावर उपाय साधा आहे: संबंधितांना वैयक्तिक निरोप द्यावा, जाहीर घोषणा टाळावी. निरोपाच्या पोस्टवरचे अभिप्राय मोजायला माणूस परत येतोच.

तिसरा आक्षेप: बाहेर पडण्याची वाट कंपन्यांनीच मुद्दाम अवघड केली आहे, तर माणसाला दोष का? हे खरे आहे. एके काळी फेसबुक खाते बंद करताना मित्रांचे फोटो दाखवून ‘यांना तुमची आठवण येईल’ असे सांगत असे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 ला अशा 13 फसव्या रचनांची यादी करून त्यांवर बंदी घातली. ग्राहकाला अपराधी वाटायला लावणे हा त्यांतलाच एक प्रकार. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने तर संमती देणे जितके सोपे तितकेच ती मागे घेणे सोपे असले पाहिजे, असे सांगितले आणि माहिती पुसून घेण्याचा हक्क दिला. नोव्हेंबर 2025 मध्ये आलेल्या नियमांनुसार किमान 2 कोटी वापरकर्ते असलेल्या समाजमाध्यमांना तीन वर्षे न वापरलेल्या खात्याची माहिती, आधी सूचना देऊन, पुसावी लागेल. या तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. मात्र हक्क कागदावर असतो, मागणाऱ्यालाच मिळतो. आणि मागण्यासाठी आपली तक्रार कोणती हे आधी ठाऊक हवे.

चौथा आक्षेप: एवढा विचार करत बसले तर माणूस कधीच बाहेर पडणार नाही. उलट आहे. विचार न केल्यामुळेच माणसे दर दोन महिन्यांनी डिलीट करतात आणि 29 व्या दिवशी परत लॉग-इन करतात. तयारी एका दुपारची असते.

8. निर्णयाचा क्रम

त्या दुपारी काय करायचे? आधी माहिती उतरवून घ्यावी. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि गूगल तिन्ही ही सोय देतात. घरचे फोटो दुसरीकडे ठेवावेत. ज्या ग्रुपाचे आपण प्रमुख आहोत तिथे दुसरा प्रमुख नेमावा, ज्या पानाची किल्ली एकट्याकडे आहे ती आणखी एकाला द्यावी. फेसबुकच्या आधाराने उघडलेली इतर खाती ईमेलवर वळवावीत. नंबर बदलत असाल तर व्हॉट्सॲपमधली ‘नंबर बदला’ ही सोय सिम बंद होण्याआधी वापरावी, नंतर नव्हे. आई-वडिलांचे काय त्या फोनवर चालते ते त्यांनाच विचारावे.

मग तक्रार एका वाक्यात कागदावर लिहावी. वाक्यात ‘मी’ कर्ता असेल (मी वेळ घालवतो, मी चिडतो, मी तुलना करतो), तर तारीख ठरवून थांबवावे आणि घरातल्या एकाला ती तारीख सांगावी. वाक्यात ‘ते’ कर्ता असतील (ते माझी माहिती वापरतात, ते दाद देत नाहीत), तर मिटवावे आणि 30 दिवस त्या ॲपकडे फिरकू नये. वाक्यात तिसऱ्याच कोणाचा दाब दिसला, तर काहीही कायमचे करू नये. आणि जुनी, विसरलेली, बेवारस खाती यांपैकी कशाचीही वाट न पाहता आधी मिटवावीत. तिथे दोन मतांना जागा नाही.

धैर्य किती आहे हा प्रश्न यात कुठेच येत नाही. थांबवणारा भित्रा नसतो, मिटवणारा शूर नसतो. आपली तक्रार स्वतःशी आहे, कंपनीशी आहे की घरातल्या काठीशी आहे हे न ओळखता दाबलेले कोणतेही बटण चुकीचेच. म्हणून या आठवड्यात खाते मिटवण्याच्या विचारात असाल तर आधी एक काम करा: त्या नंबरावर घरातले आणखी कोण कोण अवलंबून आहे, त्यांची नावे लिहून काढा. ती यादी पूर्ण झाल्याशिवाय सेटिंग्ज उघडू नका.